नदी कोणाची बाजू घेते?

स्वस्त प्रथिनांच्या आशेने १९५२ साली मोझांबिक तिलापिया हा आफ्रिकी मासा भारतात आणला गेला. त्याची बेसुमार वाढ पाहून १९५९ मध्येच त्याच्या प्रसारावर बंदी आली. आज त्याचा भाऊबंद नाईल तिलापिया गंगा-यमुनेत रुजला आहे.

दरम्यान, १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकांच्या साह्याने देशी कार्प माशांचे प्रजनन साधले. रोहू-कटलाचे बीज हुकमी मिळू लागले, आणि तेच आज गंगेत सोडले जाते.

परंतु ही स्पर्धा केवळ संख्येची नाही. तिलापियाची मादी अंडी तोंडात जपते. अल्प प्राणवायूतही तो तगतो. रोहू-कटला मात्र पावसाळी पुरात अंडी सोडून निघून जातात. पुढचे सारे नदीच्या हाती. दिल्लीत वझिराबादचा बंधारा यमुनेचे पाणी अडवतो आणि खालच्या पात्रात मुख्यतः सांडपाणी वाहते. अशी नदी आधीच तिलापियाच्या बाजूची झालेली असते.

प्रयोगशाळा बीज देऊ शकते, पूर नव्हे. बंधाऱ्याखाली प्रवाह आणि पाण्यात प्राणवायू परतल्याविना सोडलेले प्रत्येक बोटुकले ही केवळ उसनवारी ठरेल.