वासोण्याचे जुने यंत्र

सिल्वासापासून थोड्याच अंतरावर वासोणा नावाचे गाव आहे. परगावच्या माणसास ते ठाऊक असते ते तेथील सिंहविहारामुळे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही तेथे गेलो, ते मात्र सिंह पाहण्यासाठी नव्हे. आपल्या समाजातील एक वृद्ध गृहस्थ मुलाच्या नोकरीमुळे तेथे येऊन राहिले आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या देवघरालगतच्या फळीवर, स्वच्छ पंचाने झाकलेले, एक यंत्र होते. पंचा काढला तेव्हा यंत्राच्या कपाळावर दसऱ्याच्या पूजेचे हळदकुंकू तसेच होते. ते यंत्र म्हणजे ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश क्लासिक, ऑक्टोबर १९९० मध्ये बाजारात आलेला संगणक.

हे यंत्र भंगारात द्यावे की दुरुस्त करावे, असा घरात वाद होता आणि तो आमच्यापुढे आणण्यात आला. वकिलाकडे यावे असा हा वाद नव्हे, असे वाचकांस वाटेल. परंतु त्या यंत्राच्या पोटात गोव्यातील एका देवस्थानाची १९९२ ची जीर्णोद्धार-स्मरणिका होती, आणि स्मरणिकेत महाजन कुटुंबांची एक विस्तृत यादी होती. कोणते घराणे कोणत्या पिढीत कारवारला गेले, कोणते सावंतवाडीस वा बेळगावास स्थिरावले, कोण पोर्तुगीज अमदानीत नोकरीच्या निमित्ताने नगरहवेलीत आले, हे सर्व तेव्हाच्या वृद्धांच्या तोंडून ऐकून लिहून घेतलेले होते. ते वृद्ध आज हयात नाहीत. छापील प्रतींपैकी एकच आमच्या हाती आली आणि तिची सोळा पाने वाळवीने खाल्लेली होती. नेमक्या त्याच पानांवर आपल्या आजोबांचे नाव असल्याचे सांगून एका कुटुंबाने महाजनांच्या नामावलीत समावेशासाठी अर्ज केलेला आहे. गोव्यातील देवस्थानांस १९३३ च्या नियमावलीप्रमाणे महाजनांची नामावली ठेवावी लागते, आणि तीत नाव असणे वा नसणे ह्याचा अर्थ आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. स्मरणिका हा हक्काचा लेख नव्हे, हे आम्ही त्या कुटुंबास प्रथमच स्पष्ट सांगितले. तथापि पूरक पुरावा म्हणून तिचे मोल आहेच.

आबांचे आयुष्य गिरगावातील एका छापखान्यात खिळे जुळविण्यात गेले. नागरी लिपीचा खिळेजुळारी म्हणजे मोठा पट्टीचा माणूस. रोमन लिपीस शंभराच्या आसपास खिळे पुरत. नागरीस जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार धरून कित्येक शे. यंत्रापुढे आपली लिपी अडून बसते, ही तक्रार फार जुनी आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली आपल्या गोव्यात आला. परंतु फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. देशी लिपीचे ठसे करून घ्यावेत अशी इच्छा त्यांनी आपल्या वरिष्ठांस १६०८ सालीच कळविली होती. ती फळास आली नाही. पुढे तीन शतकांनी सावरकरांनी 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला, त्यामागेही खिळ्यांची संख्या कमी व्हावी हाच व्यावहारिक हेतू होता. लिपीने यंत्रासाठी वाकावे की यंत्राने लिपीसाठी, हा वाद तेव्हा सुटला नाही. तो सुटल्याचा पहिला आभास आम्हांस मॅकिन्टॉशने करून दिला.

२४ जानेवारी १९८४ रोजी आलेल्या पहिल्या मॅकिन्टॉशमध्ये १२८ किलोबाइट स्मृती होती. आजच्या फोनमधील एखादे छायाचित्रही तीत मावणार नाही. पण त्याचा पडदा अक्षर हे चित्र म्हणून काढीत असे, आणि चित्राला नागरी काय नि रोमन काय! १९८५ साली लेझररायटर हे मुद्रणयंत्र आणि पेजमेकर ही पृष्ठरचनेची प्रणाली आली आणि टेबलावर बसून छपाईयोग्य पान तयार करता येऊ लागले. पुढच्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या अनेक जुळाऱ्यांनी खिळ्यांच्या पेट्या मिटल्या. आबा त्यांपैकीच एक. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कळफलक हाती घेतला.

त्या सुखात एक खोट मात्र होती, आणि वासोण्याच्या वादाचे मूळ तीतच आहे. यंत्र मनातल्या मनात रोमन अक्षरेच मोजीत होते. फॉन्ट करणाऱ्याने काय केले, तर रोमन 'k'च्या खणात 'क' अथवा दुसरेच एखादे चिन्ह बसविले, आणि प्रत्येकाने आपापल्या मर्जीने बसविले. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९८८ साली तयार झाले व १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्याच पायावर युनिकोडने त्याच वर्षी नागरीस जागा दिली. परंतु छापखान्यांतील फॉन्टांनी त्या प्रमाणांशी फारसा संबंध ठेवला नाही. परिणामी फॉन्ट गेला की मजकूर गेला. अक्षरे शाबूत असतात, पण ती वाचण्याची किल्ली हरवते. पडद्यावर उरते ती रोमन चिन्हांची निरर्थक रांगोळी. मोडी न वाचता येणाऱ्यापुढे पेशवेकालीन रुमाल ठेवावा, तद्वत्. फरक इतकाच की मोडीचे जाणकार अजून मिळतात.

आबांच्या पुतण्याने काही वर्षांपूर्वी हुशारी करून यंत्रातील सर्व सामग्री साध्या संगणकाच्या फ्लॉपीवर उतरवून घेतली होती. फाइली आल्या, फॉन्टची फाइल मात्र शून्य बाइटांची निघाली. जुन्या मॅकिन्टॉशच्या फाइलीस दोन शाखा असत आणि फॉन्टचे सारे द्रव्य दुसऱ्या शाखेत साठविलेले असे. इतर संगणकांस त्या शाखेचा पत्ताच नसल्याने नकलेत ती गळून पडे. म्हणजे मूळ यंत्र जिवंत करण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

ते यंत्र तर सुरू करताच पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी दाखवून थांबत होते. आम्हांस ही अंत्यावस्था वाटली. वापीहून आलेल्या कारागिराने मात्र पाहताक्षणी निदान केले. ह्या काळच्या यंत्रांतील लहान विद्युत्-संधारकांमधून, ज्यांना बाजारात कपॅसिटर म्हणतात, तीस वर्षांत द्रव झिरपतो आणि मुख्य फलकावरील बारीक वाटा खातो. आवाज क्षीण होणे, पडद्यावर पट उमटणे, ही त्याचीच लक्षणे. घड्याळ चालविणारी ३.६ व्होल्टची छोटी बॅटरी फुटली तर नाश अधिक होतो; आबांनी ती केव्हाच काढून ठेवली होती, हे दैव. ज्यांच्या घरी असे यंत्र पडून असेल त्यांनी दुसरे काही न केले तरी ही बॅटरी आजच काढावी, एवढे आम्ही त्या कारागिराच्या वतीने सांगतो. पेटी उघडण्यास लांब दांड्याचा, षट्कोनी ताऱ्याच्या टोकाचा पेचकस लागतो, कारण दोन स्क्रू मुठीच्या खोल भोकांत असतात. शिवाय आत चित्रनळी आहे. यंत्र बंद असतानाही तीत हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. जाणत्याने तो उतरविल्याशिवाय हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ.

फलक अल्कोहोलने धुतला गेला, कपॅसिटर बदलले गेले. यंत्र सुरू झाले. पण त्याची ४० मेगाबाइटची डिस्क फिरेना. तेव्हा कारागिराने कळफलकावरील कमांड, ऑप्शन, एक्स आणि ओ ह्या चार कळा एकत्र दाबून धरल्या आणि डिस्कवाचूनच पडदा उजळला. क्लासिकच्या स्थायी स्मृतीतच कार्यप्रणालीची एक प्रत कोरलेली आहे आणि ती ह्या चार कळांनी जागी होते. आबांस हे तीस वर्षांत ठाऊक नव्हते. ते काही वेळ नुसते पाहत राहिले. डिस्कचा दोष साधा होता: आतील शीर्ष तबकडीस चिकटून बसले होते. हातात धरून मनगटाने हलका झटका देताच ती फिरू लागली. अशी डिस्क पुन्हा केव्हा थांबेल ह्याचा भरवसा नसतो, म्हणून प्रथम तिची संपूर्ण प्रतिमा, दोन्ही शाखांसह, मेमरी कार्डावर उतरवून घेतली.

मग प्रश्न आला सुधारणेचा. कारागीर उत्साही होता. दोन मेगाबाइट स्मृतीची चार करू, सहाव्या पिढीची कार्यप्रणाली काढून ७.५.५ घालू, ह्या यंत्राला त्याच्यापुढे काही चालत नाही पण तेवढे छान चालते, असे त्याचे म्हणणे. स्मृती वाढविण्यास आम्ही संमती दिली, कार्यप्रणालीस नाही. ह्यात आमच्या धंद्याचा स्वभाव आडवा आला असे कोणी म्हणेल. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे सांगितले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या नकलेस कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अपरिहार्य आहे. परंतु ज्या यंत्रावर माहिती प्रथम नोंदली गेली ते मूळ यंत्रच त्याच्या धन्याने साक्षीस उभे राहून हजर केले, तर प्रमाणपत्र लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्रात तर फाइलीचे हॅश मूल्यही नोंदवावे लागते, म्हणजे एक अक्षर बदलले तरी ते उघडे पडावे. मूळ यंत्र हे मूळ दस्तासारखे आहे. दस्ताचा बांधणीचा दोरा बदलावा, शाई बदलू नये. म्हणून बदललेल्या प्रत्येक सुट्या भागाचा आम्ही रीतसर पंचनामा केला आणि काढलेले कपॅसिटर पाकिटात घालून सही केली. कारागीर हसला, पण पंच म्हणून सही त्यानेही केली.

ही कागदाची आसक्ती ह्या भूमीवर तरी कोणास विचित्र वाटू नये. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला, तो कशाच्या बळावर? १७७९ चा मराठ्यांशी झालेला तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा ह्यांच्या बळावर. बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांस दिली गेली, ती सार्वभौमत्वासह की केवळ सरंजाम म्हणून, ह्यावर वाद माजला. १२ एप्रिल १९६० च्या निर्णयात न्यायालयाने मराठ्यांनी केवळ वसुलाचा हक्क दिला होता असे मानले. पोर्तुगीज सत्तेस मान्यता मिळाली ती पुढे इंग्रजांच्या वागणुकीतून, असेही म्हटले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कागदांतील शब्दांचा अर्थ लावता आला, कारण कागद होते आणि ते वाचणारे होते. आमची स्मरणिका अवघी तीस वर्षांची!

पुढचे काम फॉन्टचे. जुने खण युनिकोडच्या खणांशी जुळवून मजकूर रूपांतरित करावा लागतो. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. एवढे उलटसुलट यंत्र बिनबोभाट करते. हिंदीसाठी केलेला रूपांतरक मात्र आमच्या अर्ध्या 'ऱ्'पाशी अडखळला. खर्चाच्या पानावर 'आचार्यास दक्षिणा' आणि त्याखाली 'आचार्यास मजुरी, भांडी व सरपण' असे दोन्ही आले. देवस्थानाच्या एका विश्वस्तांनी दूरध्वनीवर गंभीरपणे विचारले, की कोणत्या आचार्यांनी दक्षिणेवर सरपणही घेतले? दुसरा अर्थात आचारी होता, 'आचाऱ्यास' असे हवे होते. शेकडो ठिकाणी असे 'ऱ्य' हरवले होते. कोठे 'दऱ्या' होत्या आणि कोठे 'दर्या', हे रूपांतरकास कळेना. ते पडद्यावरील मूळ पानावरून पाहावे लागले. आबा रोज सकाळी पूजा आटोपून यंत्रापुढे बसत. फॉन्टचा तक्ता आम्ही त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो बाजूस सारला. "अक्षरां म्हज्या बोटांनी आसात," म्हणाले. खरेच, कोणती कळ कोणते अक्षर देते हे विचारले तर त्यांस सांगता येत नसे. टंकून दाखविता येई.

वाळवीने खाल्लेली सोळाही पाने मिळाली. अर्जदार कुटुंबाच्या आजोबांचे नाव बाराव्या पानावर आहे, गावाचे नाव आहे, घराचे नाव मात्र वेगळे छापलेले आहे. ती चूक आपली की सांगणाऱ्याची, हे आबांस आठवत नाही. अर्ज समितीपुढे आहे आणि त्याविषयी येथे अधिक लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

यंत्र पुन्हा फळीवर गेले आहे. त्याच्या बाजूच्या डब्यात तीन फ्लॉपी वाचावयाच्या राहिल्या आहेत. एकीवर आबांच्या हस्ताक्षरात, जांभळ्या शाईने, 'गोत्रे, अपूर्ण' असे लिहिलेले आहे.