उसनी औषधं आणि एक हक्काची सुई

मायग्रेन टाळण्यासाठी मला पहिल्यांदा मिळालेली गोळी होती प्रोप्रॅनोलॉल. मूळची रक्तदाब-हृदयविकाराची. टोपिरामेट फिट्सचं, अमिट्रिप्टिलिन नैराश्याचं. आमचा आजार वर्षानुवर्षं असा उसनवारीवर जगला.

१९८२ साली सीजीआरपी या रेणूचा पत्ता लागला. १९९०मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी मायग्रेन चालू असतानाच रुग्णांच्या मानेतल्या शिरेचं रक्त तपासलं. सीजीआरपी वाढलेलं होतं! आम्ही कोडवाले हे चटकन समजू शकतो: लॉगमध्ये एरर दिसेपर्यंत तुमच्या तक्रारीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

त्यानंतर औषध यायला २८ वर्षं लागली. मे २०१८मध्ये अमेरिकेत एरेन्युमॅबला मंजुरी मिळाली. ही अँटिबॉडी सीजीआरपीची रिसेप्टरवरची जागा अडवते. ती प्रथिन असल्यामुळे गिळली तर पचून जाईल. म्हणून महिन्यातून एकदा पोटावर किंवा मांडीत स्वतःच टोचून घ्यायची.

ती सगळ्यांना लागू पडत नाही, आजार मुळापासून जातही नाही. पण ‘डोकंच तर दुखतंय, एवढं काय त्यात?’ या प्रश्नाला आता रक्तात मोजलेलं उत्तर आहे.