बेंबीची गोष्ट : न केलेल्या ऑपरेशनचा इतिहास

‘बेंबीच्या देठापासून ओरडणं’ हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. काही तान्ह्या बाळांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरतो. बाळ रडायला लागलं की बेंबी टम्म फुगते आणि शांत झालं की आत जाते. हा बेंबीचा हर्निया. नाळ ज्या छिद्रातून जाते ते जन्मानंतर आपोआप बंद व्हायचं असतं. ते उघडं राहिलं, तर पोटावर जोर पडताच आतला भाग तिथून डोकावतो.

मी पडलो आयटीवाला. एम.एस. करायला या देशात आलो, तेव्हापासून वैद्यकशास्त्राशी संबंध आला तो इन्शुरन्सच्या कागदांपुरता. पण आमच्या धाकटीची बेंबी अशी फुगू लागली आणि मी या विषयाच्या इतिहासात शिरलो. हा इतिहास जितका ऑपरेशनचा आहे, तितकाच ऑपरेशन न करण्याचाही आहे.

सुरुवात आपल्या सुश्रुतापासून करू. वाताने फुगलेल्या, दुखऱ्या बेंबीला सुश्रुतसंहितेत ‘तुंडी’ म्हटलं आहे आणि उपाय सांगितले आहेत ते तेल, शेक आणि पोटीस यांचे. शस्त्रक्रियेसाठी जगप्रसिद्ध असलेल्या या ग्रंथात इथे मात्र शस्त्र नाही! पहिल्या शतकातल्या रोमन सेल्ससने फुगवट्याच्या मुळाशी दोरा आवळून तो गळवण्याची रीत लिहून ठेवली. पण तोही बजावतो, की तान्ह्या मुलावर हे करू नये. साधारण सात ते चौदा वर्षं हेच वय योग्य.

पुढची कित्येक शतकं भूल नव्हती, त्यामुळे मुलाच्या पोटाला सुरी लावणं हे जिवावरचंच काम होतं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि शस्त्रक्रियेचं जगच बदललं. १९०१ साली मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या डॉ. विल्यम मेयो यांनी बेंबीच्या हर्नियाची आपली पद्धत प्रसिद्ध केली. छिद्राच्या दोन्ही कडा नुसत्या जोडायच्या नाहीत, तर एकीवर दुसरी चढवून शिवायची. पँटवर बंडी यावी तशी! इंग्रजीत तिला नावही तसंच पडलं. मुलांमध्ये आज बहुधा एवढंही लागत नाही. बेंबीच्या खाली छोटासा अर्धगोल छेद, छिद्राला साधे मजबूत टाके आणि बेंबीची कातडी पुन्हा आत टाचणं, एवढं पुरतं.

मुलांना त्याच दिवशी घरी पाठवण्याची कल्पना अमेरिकन विमा कंपन्यांची असावी, असा माझा समज होता. पण ग्लासगोच्या डॉ. जेम्स निकोल यांनी १९०९ सालीच, मुलांना वॉर्डात न ठेवता केलेल्या ८,९८८ ऑपरेशनांचा अहवाल मांडला होता. त्यांचं म्हणणं असं, की ऑपरेशननंतर मूल आईजवळ घरीच चांगलं सांभाळलं जातं. इकडे बॉस्टनमध्ये डॉ. विल्यम लॅड आणि डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४१ साली मुलांच्या पोटाच्या शस्त्रक्रियांवर ग्रंथ लिहिला आणि बालशल्यचिकित्सा ही वेगळी शाखा या देशात रुजली.

तरीही नवजात बाळांना पुरेशी भूल देण्याबाबत डॉक्टर फार काळ कचरत होते. बाळाला वेदना फारशा कळत नाहीत, असाही समज होता. तो खोडण्यात मोठा वाटा होता इंदूरला वैद्यक शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांचा. त्यांचं संशोधन १९८७ साली गाजलं. १९८७! तेव्हा आपल्यापैकी अनेकजण शाळा-कॉलेजात होते.

आता घरगुती उपायांकडे वळू. बाळंतपणासाठी सांगलीहून आलेल्या माझ्या आईने पहिल्याच आठवड्यात फडक्यात रुपया गुंडाळून तयार ठेवला होता. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तो हसत परत केला. नाणं बांधून छिद्र बंद होत नाही, उलट कातडी मात्र खराब होऊ शकते. पण आईला हसण्याचं कारण नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन डॉक्टरसुद्धा बेंबीवर चिकटपट्ट्या लावत होते. बेंबी पुढे आपोआप बसली, की श्रेय रुपयाला किंवा पट्टीला मिळायचं. १९६७ साली, ३१४ मुलांवर सहा वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान छिद्रं आपोआप बुजतात, दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी क्वचितच, असं त्यात दिसलं.

म्हणून अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली सांगितलं, की बहुतेक मुलांना चार-पाच वर्षांची होईपर्यंत यासाठी सर्जनकडे पाठवूच नये. भुलेचाही विचार आहेच. तीन वर्षांखालील मुलांना दीर्घ किंवा वारंवार भूल देण्याबद्दल एफडीएने २०१६ साली सावधगिरीचा इशारा दिला. मात्र तासाभराच्या आतल्या एका भुलेचा बुद्धीवर परिणाम दिसला नाही, असा दिलासा २०१९ सालच्या एका मोठ्या अभ्यासाने दिला.

वाचायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात आम्ही जवळजवळ पाच वर्षं थांबलो. भारतातून फोन यायचे, “अमेरिकेत राहून एवढंसं ऑपरेशन होत नाही?” आंघोळ घालताना रोज बोटाने छिद्र चाचपायचं आणि स्वतःला समजवायचं. आमच्या लेकीचं छिद्र मोठं होतं, ते बुजलं नाही. पाचव्या वर्षी ऑपरेशन झालं. सकाळी आत गेलेली मुलगी दुपारी घरी सोफ्यावर बसून आईस्क्रीम मागत होती. पण ते चार दरवाजांपलीकडे तिला नेतानाचे क्षण मी विसरणार नाही. ते विनाकारण, दोन वर्षांच्या बाळासाठी अनुभवावे लागले नाहीत, याचं समाधान मोठं आहे.

तरुण आईबाबांसाठी एकच गोष्ट. फुगवटा कडक झाला, दुखू लागला, लाल किंवा निळसर झाला, आत जाईना, किंवा बाळ उलट्या करू लागलं, तर थांबू नका. थेट इमर्जन्सीत जा. असं क्वचितच होतं. एरवी डॉक्टरांना दाखवत राहा आणि धीर धरा. थांबणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. इतक्या पिढ्यांच्या अनुभवानंतर वैद्यकाला उमगलेला तो एक उपचारच आहे.