मतांनी मिळालेली बढती : आर्सेनल क्लब आणि १९१९ ची सभा

१० मार्च १९१९ रोजी इंग्लंडमधील फुटबॉल लीगच्या सभेत पहिल्या विभागातील एका जागेसाठी मतदान झाले. आर्सेनलला १८, टॉटनमला ८, बार्न्सलीला ५, वुल्व्हरहॅम्प्टनला ४, नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३, बर्मिंगहॅमला २ आणि हल सिटीला १ अशी मते पडली. आर्सेनलचा १९१५ सालचा क्रमांक दुसऱ्या विभागात पाचवा होता. चार वर्षे लीगचे सामने बंद होते. तेव्हा ही बढती मैदानावर नव्हे, सभागृहात मिळाली हे उघड आहे. या प्रसंगाची चर्चा आजवर बहुधा नीतीच्या अंगाने झाली आहे. त्याची आर्थिक बाजू मात्र त्याहून अधिक बोधप्रद आहे.

लीगची मूळ रचना साधी होती. पहिल्या विभागातील तळाचे दोन क्लब हंगामाच्या अखेरीस खाली जात आणि दुसऱ्या विभागातील अग्रस्थानी असलेले दोन क्लब वर येत. वरच्या विभागात प्रेक्षक अधिक, म्हणून प्रवेशशुल्काचे उत्पन्न अधिक. आणि त्या काळी क्लबांना प्रवेशशुल्काखेरीज म्हणण्यासारखे दुसरे उत्पन्नच नव्हते. खर्च मात्र आधी करावा लागे. मैदान, प्रेक्षागार, खेळाडूंची खरेदी हे सारे बढतीच्या अपेक्षेने, म्हणजे बहुधा उसन्या पैशावर होई. ही अपेक्षा प्रत्येक वर्षी पुढे ढकलता येत असे. हंगामच नाहीसा झाला तर काय, याचा विचार कोणी केलेला नव्हता.

आर्सेनल क्लबाचा उगम १८८६ साली वुलिच येथील शस्त्रास्त्रांच्या कारखान्यातील कामगारांत झाला. १८९३ साली लीगमध्ये प्रवेश मिळविणारा तो दक्षिण इंग्लंडमधील पहिला क्लब. परंतु वुलिच हे लंडनच्या मध्यापासून दूर, जाण्यायेण्यास गैरसोयीचे. १९१० साली क्लबाचे दिवाळे निघाले आणि तो हेन्री नॉरिस व विल्यम हॉल यांच्या हाती आला. नॉरिस हे जमीन आणि घरबांधणीच्या व्यवसायात पैसा मिळविलेले गृहस्थ; फुलहॅमचे महापौर. त्यांनी प्रथम आर्सेनल आणि फुलहॅम हे दोन्ही क्लब एकत्र करण्याचा घाट घातला. लीगने तो नाकारला. १९१२–१३ च्या हंगामात आर्सेनलने अवघे तीन सामने जिंकले आणि तळाच्या क्रमांकाने तो दुसऱ्या विभागात गेला.

नॉरिस यांचा खरा जुगार याच क्षणी सुरू झाला. क्लब खाली गेला असताना खर्च आवरण्याऐवजी त्यांनी उत्तर लंडनमधील हायबरी येथे एका धर्मशास्त्र विद्यालयाची जमीन २१ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. त्यासाठी २०,००० पौंड मोजले. नाताळच्या दिवशी व गुड फ्रायडेला सामने भरवायचे नाहीत, मद्यविक्री करायची नाही, अशाही अटी पत्करल्या. मैदानाच्या आखणीसाठी आर्चिबाल्ड लीच यांची योजना झाली. त्या काळी ब्रिटनमधील क्रीडांगणांचे बांधकाम म्हटले की त्यांचेच नाव पुढे येई. टॉटनम व क्लॅप्टन ओरिएंट हे शेजारचे क्लब आणि इस्लिंग्टनचे रहिवासी या सर्वांनी हरकती घेतल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. ६ सप्टेंबर १९१३ रोजी लेस्टर फॉस विरुद्ध पहिला सामना झाला तेव्हा प्रेक्षागाराचे काम अपुरे होते. हिशेब असा की, भुयारी रेल्वेचे स्थानक दारात आहे, प्रेक्षक येतील, फक्त क्लब पहिल्या विभागात पाहिजे.

हा हिशेब चुकीचा नव्हता. पहिल्याच वर्षी तो जवळजवळ साधला. १९१३–१४ च्या अखेरीस ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू आणि आर्सेनल यांचे गुण सारखेच, म्हणजे ४९ झाले. त्या वेळच्या नियमानुसार केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनी भागून सरासरी काढली गेली आणि ब्रॅडफर्ड वर गेला. एवढ्याशा अपूर्णांकाने कर्जफेड एक वर्ष लांबणीवर पडली. पुढचे वर्ष १९१४ चे होते.

युद्ध पेटल्यावरही लीगने १९१४–१५ चा हंगाम पुरा केला. त्यावर वृत्तपत्रांतून कडाडून टीका झाली. तरुणांनी खंदकात असावयाचे की मैदानावर, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. डिसेंबर १९१४ मध्ये फुटबॉलपटूंची स्वतंत्र पलटण उभारण्यासाठी फुलहॅमच्या नगरभवनातच सभा भरली. प्रेक्षकसंख्या घसरली, खेळाडूंच्या वेतनात कपात झाली. १९१५ च्या उन्हाळ्यात लीग स्थगित झाली आणि खेळाडूंना वेतन द्यावयाचे नाही असे ठरले. युद्धकाळात प्रादेशिक सामने चालू राहिले, पण त्यांना बढतीही नव्हती आणि फारसे उत्पन्नही नव्हते. वेतनाचा खर्च थांबला, भाडेपट्टा व व्याज थांबले नाही. आर्सेनलच्या कर्जाचा आकडा या सुमारास ६०,००० पौंडांच्या घरात सांगितला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फुटबॉल असोसिएशनच्या नियमाने क्लबाच्या भागधारकांना पाच टक्क्यांहून अधिक लाभांश घेता येत नसे आणि संचालकांना वेतनही नसे. म्हणजे बढतीपासून नॉरिस यांना मिळणारा प्रत्यक्ष नफा नगण्य होता. तोटा मात्र अमर्याद होता, कारण क्लबाची देणी त्यांच्या व हॉल यांच्या जामिनकीवर उभी होती. लाभासाठी धडपडणाऱ्या माणसापेक्षा बुडीत रक्कम वाचविण्यासाठी धडपडणारा माणूस अधिक चिवट असतो. १९१९ सालच्या नॉरिस यांच्या हालचालींचे स्पष्टीकरण यात बरेचसे सापडते.

युद्धानंतर लीगने दोन्ही विभागांतील क्लबांची संख्या २० वरून २२ केली. डर्बी व प्रेस्टन हे १९१५ च्या गुणांवर वर आले. उरल्या त्या दोन जागा. १९०५ साली अशीच वाढ झाली तेव्हा तळाचे दोन्ही क्लब वरच्या विभागात ठेवले गेले होते. त्या पायंड्याप्रमाणे १९ वा चेल्सी व २० वा टॉटनम हे दोघेही राहावयास हवे होते. चेल्सीची बाजू एका गैरप्रकाराने बळकट झाली होती. २ एप्रिल १९१५ रोजी मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलवर २–० असा मिळविलेला विजय दोन्हीकडील काही खेळाडूंच्या संगनमताचा होता, हे चौकशीत सिद्ध होऊन सात खेळाडूंवर आजन्म बंदी आली. मँचेस्टर युनायटेड चेल्सीच्या पुढे होता तो केवळ एका गुणाने. त्यामुळे चेल्सीला जागा देण्यास कोणाचा विरोध झाला नाही. टॉटनमला मात्र मतदानास सामोरे जावे लागले.

लीगचे अध्यक्ष जॉन मॅकेना यांनी आर्सेनलची शिफारस केली ती दीर्घकालीन सदस्यत्वाच्या आधारावर. हे कारण तपासून पाहिले तर टिकत नाही. वुल्व्हरहॅम्प्टन हा १८८८ चा संस्थापक क्लब. फॉरेस्ट व बर्मिंगहॅमचा प्रवेश १८९२ चा. ज्येष्ठतेच्या निकषाने आर्सेनल टॉटनमच्या पुढे होता एवढेच, सर्वांच्या पुढे नव्हता. नॉरिस यांनी लाच दिली असा प्रवाद पुढे रूढ झाला. पण त्याला पुरावा आजवर मिळालेला नाही, आणि त्याची आवश्यकताही दिसत नाही. नॉरिस १९१७ साली सर झाले होते आणि डिसेंबर १९१८ मध्ये संसदेवर निवडून आले होते. अशा माणसाच्या मागे लंडनमधील एक मोठे, नवे, कर्जात रुतलेले मैदान उभे असेल, तर मतदारांपुढील विचार गुणांच्या तक्त्यापुरताच मर्यादित राहिला असेल असे मानणे कठीण आहे.

बढतीचे फळ ताबडतोब हाती आले काय? अंशतः. युद्धानंतर प्रेक्षकांची रीघ लागली आणि सहा पेन्सांचे किमान प्रवेशमूल्य एक शिलिंग झाले. ही भरती आली तेव्हा आर्सेनल योग्य विभागात होता. परंतु खेळात प्रगती दिसली नाही. व्यवस्थापक लेस्ली नाइटन यांच्यावर खेळाडूखरेदीसाठी एक हजार पौंडांची मर्यादा होती, असे त्यांच्या आठवणींवरून दिसते. १९१९–२० मध्ये क्लब दहावा आला; १९२४ मध्ये तो खाली जाता जाता अवघ्या एका गुणाने वाचला, आणि त्याच्या ऐवजी खाली गेला तो चेल्सी. १९२५ मध्ये ६४,००० पौंडांना हायबरीची जमीन कायमची विकत घेतली गेली आणि त्याच वर्षी हर्बर्ट चॅपमन व्यवस्थापक म्हणून आले. तोवरच्या सहा वर्षांत बढतीने दिले ते यश नव्हे, मुदत. नॉरिस यांना तीही पुरी उपभोगता आली नाही. क्लबाच्या पैशातून मोटारचालकाचा पगार दिल्यासारख्या, कर्जाच्या मानाने क्षुल्लक भासणाऱ्या आरोपांवरून १९२७ साली त्यांना फुटबॉलच्या कारभारातून दूर करण्यात आले.

या मुदतीची किंमत कोणी दिली? टॉटनमचे नाव सर्वप्रथम घेतले जाते. पण टॉटनमने १९१९–२० मध्ये ७० गुण मिळवून दुसरा विभाग जिंकला, १९२१ साली चषकही जिंकला. त्याचा तोटा एका हंगामाचा. वुल्व्हरहॅम्प्टन १९२३ साली तिसऱ्या विभागात गेला आणि पहिल्या विभागात परतला तो १९३२ साली. खरी झळ बसली ती बार्न्सलीला. यॉर्कशरमधील कोळशाच्या खाणींवर जगणाऱ्या या गावाचा क्लब १९१५ साली तिसरा होता, आर्सेनलपेक्षा चार गुणांनी पुढे. १९२२ साली स्टोकबरोबर त्याचे गुण समान झाले आणि गोलांच्या सरासरीने तो पुन्हा मागे राहिला. प्रथम श्रेणीत तो पोहोचला १९९७ साली, आणि तेथे एकच हंगाम टिकला.

शंभर वर्षांनी, कोविडच्या साथीने २०१९–२० चा हंगाम खंडित केला तेव्हा जागा मतांनी वाटण्याचे दिवस गेले होते. तिसऱ्या श्रेणीतील क्लबांनी जूनमध्ये हंगाम संपविण्यास संमती दिली आणि प्रतिसामना गुणांची सरासरी काढून क्रम लावला. या भागाकाराने आठवा वायकम तिसरा झाला, तर सहावा पीटरबरो सातवा होऊन बाद सामन्यांना मुकला. वायकम ते सामने जिंकून वर गेला आणि वर्षभरातच परत आला. दुसऱ्या श्रेणीत उर्वरित सामने रिकाम्या मैदानांवर खेळविले गेले, कारण तेथे पणाला लागलेली रक्कम फार मोठी होती. सर्वोच्च श्रेणीतील प्रवेशाचे मोल त्या वर्षी किमान १३.५ कोटी पौंड असल्याचा अंदाज होता. त्या आशेवर उभ्या असलेल्या क्लबांपैकी विगन १ जुलै २०२० रोजी प्रशासकाच्या हाती गेला आणि त्याचे १२ गुण कापले गेले. २२ जुलैच्या अखेरच्या फेरीत बार्न्सलीने ब्रेंटफर्डच्या मैदानावर ९० मिनिटे उलटून गेल्यावर गोल करून २–१ असा विजय मिळविला. जिंकला असता तर ब्रेंटफर्ड थेट वर गेला असता. त्याला आणखी एक वर्ष थांबावे लागले. बार्न्सली ४९ गुणांवर श्रेणीत राहिला. विगनचे गुण शाबूत असते, तर या विजयानंतरही तो खाली गेला असता.