डोंगरकड्याच्या बोलण्यातले ‘बांधणे’

‘बांधणे’ हे क्रियापद संस्कृत ‘बन्ध्’ धातूपासून प्राकृत ‘बंधइ’ या रूपातून मराठीत आले. फार्सीतले ‘बंद’ आणि इंग्रजीतले ‘बाइंड’ ही त्याचीच भावंडे. तिन्ही एकाच इंडो-युरोपीय मुळाच्या शाखा आहेत. इंग्रजीतले रोजच्या वापरातले ‘टाय’ मात्र या घराण्यातले नाही. ते जुन्या इंग्रजीतल्या दोरीवाचक शब्दावरून झाले.

कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा हे नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे केळीचे गाव. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आधी फार्सी आणि मग उर्दू ही तिथल्या कचेरीची भाषा, त्यामुळे या मुळाची दुसरी शाखाही इथल्या बोलण्यात रुजली. जमाबंदी, नालबंद, बंदोबस्त हे शब्द त्या वाटेने आले. घोड्याच्या पायाला बांधायच्या दोरीचे नाव ‘पायबंद’. घोडे गेले, तरी पायबंद घालणे राहिले. ‘बंदोबस्त’मधले ‘बंद’ आणि ‘बस्त’ हे दोन्ही भाग ‘बस्तन’, म्हणजे बांधणे, या एकाच फार्सी क्रियापदाचे. ‘बस्ता’ही त्यातलाच, म्हणजे बांधलेले गाठोडे. लग्न ठरले की घरची माणसे कापडाच्या दुकानात जाऊन ‘बस्ता बांधतात’. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन शाखा या दोन शब्दांत पुन्हा शेजारी येतात. मराठीतला याहून सुंदर योग शोधूनही सापडणार नाही.

शब्दामागे दोर होता आणि दोरामागे कसब. बलुतेदारीत दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे असे. अंबाडीची ताटे कापायची, पेंढ्या बांधून पाण्यात कुजवायच्या, साल सोलून वाख धुवायचा, वाळवायचा. मग वाखाला पीळ द्यायचा आणि पिळलेले पदर उलट्या पिळाने एकमेकांत वळायचे. उलट पिळामुळेच दोर उसवत नाही. घायपाताचा वाखही याच कामी येई. गोठ्यासाठी दावे, बैलाच्या नाकात वेसण, हाकणाऱ्याच्या हाती कासरा, मोटेला नाडा: प्रत्येकाची जाडी वेगळी, नाव वेगळे. पोळ्याला बैलांच्या अंगावर नवी वेसण आणि नवा कासरा चढे. मोबदला खळ्यावरच्या धान्यात मिळे आणि तो कसबाच्या मानाने तोकडाच होता. ज्यांच्या दोरावर गावाची शेती चाले, त्यांची वस्ती मात्र गावाने वेशीबाहेर ठेवली. आता नायलॉनचा दोर बाजारात आयता मिळतो. अंबाडी उरली ती मुख्यतः भाजीपुरती.

मराठीत घर, पूल, धरण, विहीर हे सगळे ‘बांधले’ जाते. कुडाचे घर खरोखरच बांधावे लागे: मेढींना वासे, वाशांना काड्या आणि त्यावर गवत, सगळे दोराने आवळलेले. पुढे दगड-विटा आल्या, तरी क्रियापद बदलले नाही. हा अर्थ जुनाच आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या नावावर असलेले, पाचव्या शतकातले माहाराष्ट्री प्राकृत काव्य ‘सेतुबंध’ रामाने समुद्रावर बांधलेल्या पुलाचे आहे.

पाणी आणि माती अडवतो तो बांध. शेताच्या हद्दीवरच्या बांधाला या बाजूला ‘धुरा’ असेही म्हणतात. नांगर दरवर्षी वीतभर आत सरकवून तो कोरला जातो आणि भावकीतले वाद तिथूनच उभे राहतात. बांध याच अर्थाचा फार्सी ‘बंद’ हिंदुस्थानीतून इंग्रजीत ‘बंड’ झाला. शांघायच्या नदीकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला इंग्रजांनी तेच नाव दिले. गाठी मारून कापड रंगवायच्या बांधणीच्या कलेतून ‘बँडाना’ हा रुमाल निघाला.

दोरीशिवायचे बांधणेही पुष्कळ: अंदाज, चंग, खूणगाठ, शिदोरी. विचार नीट बांधून लिहिलेला तो निबंध. ‘बांधील’ माणूस पूर्वी कराराने किंवा कर्जाने अडकलेला असे. त्याच शब्दापासून विसाव्या शतकात ‘बांधिलकी’ रूढ झाली आणि तिच्यात अडकणे आपखुशीचे झाले.

डोंगरकड्याच्या केळीबागेत घड भरला की झाड त्या वजनाने वाकते. ते पडू नये म्हणून खोडाला दोरी घालून शेजारच्या झाडाशी किंवा बांबूशी ताणून बांधतात.