परभाषेचें दार आणि धाराशिवचा विद्यार्थी

विद्यापीठांत परभाषा शिकणें आणि विद्यापीठांत परभाषेंतून शिकणें या दोन गोष्टी वरकरणी एकसारख्या दिसतात, परंतु त्यांमधील अंतर फार मोठें आहे. पहिलींत विद्यार्थ्याच्या ज्ञानांत एका विद्येची भर पडते. दुसरींत कोणत्याहि विद्येला हात घालण्यापूर्वीं त्याला एक जकात भरावी लागते. कोरियन भाषा शिकूं इच्छिणारे तरुण आज आपल्याकडे दिसूं लागले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें माध्यमिक शाळांत शिकवितां येण्याजोग्या परकीय भाषांत तिचें नांव घातलें आहे, आणि पुण्याजवळ रांजणगांवीं कोरियन कंपनीचा कारखाना असल्यामुळें तिच्यापासून चरितार्थाची आशाहि आहे. अशा वेळीं वरील भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे, आणि तो समजून घेण्यास धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाइतकें चांगलें साधन क्वचितच सांपडेल.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामांच्या राज्यांत होता. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून धाराशिवचें उस्मानाबाद झालें. जुनें नांव २०२३ सालीं सरकारी रीतीनें परत आलें. त्याच राजाच्या नांवानें हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. इतर विद्यापीठें इंग्रजींतून शिकवीत असतां या विद्यापीठानें उर्दू हें माध्यम ठरविलें, इंग्रजी हा एक आवश्यक विषय म्हणून ठेविला, आणि पाठ्यपुस्तकांसाठीं स्वतंत्र भाषांतरखातें चालविलें. इतिहासापासून वैद्यकापर्यंतचे विषय देशी भाषेंतून शिकवितां येतात, हें त्यानें कृतीनें दाखविलें. या कर्तृत्वास कमीपणा आणण्याचा आमचा हेतु नाहीं. परकीय माध्यमामुळें स्मरणशक्तीवर भार पडतो व विचारशक्ति खुंटते, हा त्याच्या चालकांचा युक्तिवाद आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे.

परंतु हाच युक्तिवाद तुळजापूरच्या किंवा परंड्याच्या विद्यार्थ्यानें केला असता तर त्यास उत्तर काय होतें? त्या राज्यांत निम्म्याच्या सुमारास लोक तेलुगू बोलत, सुमारें चौथा हिस्सा मराठी; उर्दू बोलणारे दहांत एक असे होते. मराठी माणसाला दरबारी भाषा अगदींच अनोळखी नव्हती. अर्ज, हुकूम, तारीख, वसूल हे शब्द त्याच्या घरचेच झाले होते. विद्यापीठाची उर्दू मात्र निराळी. नव्या शास्त्रांची परिभाषा घडवितांना मुख्यतः अरबी व फारसी यांचा आश्रय केला गेला. अर्थशास्त्र म्हणजे ‘मआशियात’, भौतिकशास्त्र म्हणजे ‘तबीइयात’. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलाला हे शब्द इंग्रजी शब्दांइतकेच परके. मराठीस तेथें विषय म्हणून स्थान होतें, ज्ञानाची भाषा म्हणून नव्हतें. तत्त्व खरें होतें. तें राज्यांतील दहांपैकीं नऊ जणांस लागू केलें गेलें नाहीं.

याची प्रतिक्रिया याच जिल्ह्यांत उमटली. हिप्परगा या खेड्यांत १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले व्यंकटेश खेडगीकर यांनीं तेथें मुख्याध्यापकाचें काम केलें. १९३८ सालीं वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांवर बडगा उगारला गेला, तेव्हां अनेकांनीं नागपूरची वाट धरली. तो तंटा गीताचा होता, भाषेचा नव्हे. तरी त्या विद्यार्थ्यांतील एकाचें उदाहरण येथें मननीय आहे. पुढें पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव यांची मातृभाषा तेलुगू. त्यांनीं मराठी आत्मसात केली आणि हरि नारायण आपट्यांची एक प्रख्यात कादंबरी तेलुगूंत उतरविली. त्यांच्यावर मराठी कोणी लादली नव्हती.

आतां ज्या भाषेकडे आमचे तरुण वळत आहेत तिचा इतिहास पाहावा. १९१० सालीं कोरिया जपानच्या ताब्यांत गेला. १९२४ सालीं राजधानींत सम्राटाच्या नांवें विद्यापीठ निघालें, तें जपानी भाषेंतून शिकविणारें. १९३८ सालींच कोरियन ही शाळांतून ऐच्छिक ठरली. १९४२ सालीं कोरियन भाषेच्या अभ्यासकांची धरपकड झाली व त्यांनीं रचलेल्या महाकोशाचें हस्तलिखित जप्त झालें. देश मुक्त झाल्यावर तें १९४५ सालीं सोल स्टेशनच्या वखारींत सांपडलें, आणि १९४७ पासून कोश छापून निघूं लागला. आपल्या तरुणांस आज आकर्षक वाटणारी भाषा अशा रीतीनें वांचली आहे.

ती शिकतांना मराठी विद्यार्थ्यानें आपली भाषा दाराबाहेर ठेवण्याचें कारण नाहीं. ‘मी पुस्तक वाचतो’ या वाक्यांतील कर्ता, कर्म व क्रियापद यांचा क्रम कोरियनमध्यें जसाचा तसा राहतो; इंग्रजींत तो मोडतो. आपल्या विभक्तिप्रत्ययांप्रमाणें तेथेंहि नामामागून प्रत्यय येतात. तूं, तुम्ही, आपण हा विवेक ज्याला लहानपणापासून आहे, त्याला कोरियन क्रियापदांतील आदराच्या पायऱ्या चमत्कारिक वाटूं नयेत. क आणि ख यांतील भेद त्याच्या कानास ठाऊक आहे. तिसरा, घट्ट उच्चाराचा प्रकार तेवढा नव्यानें साधावा लागेल. राजा सेजोंगनें १४४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या लिपींत आज २४ मूलाक्षरें असून तीं जोडून एकेका अवयवाचा चौकोन बनतो. बाराखडी गिरविलेल्यास ही कल्पना सुबोध आहे. इतकें साम्य असतां बाजारांतील कोरियनचीं पुस्तकें बहुतेक इंग्रजींतूनच समजावून सांगतात, आणि धाराशिवचा मुलगा पुन्हां एका तिसऱ्या भाषेच्या दाराशीं उभा राहतो.

१९५८ सालीं मराठवाड्यास स्वतःचें विद्यापीठ मिळालें, आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव धारण करणाऱ्या त्या विद्यापीठाचा धाराशिव येथें उपपरिसर आहे. उस्मानियाच्या भाषांतरखात्यापासून घेण्याजोगा धडा हाच, कीं पुस्तकें आधीं तयार करावीं लागतात. मराठींतून लिहिलेलें एक कोरियन व्याकरण आणि एक लहानसा कोश एवढें जरी प्रथम सिद्ध झालें, तरी ज्यांच्या आज्यापणज्यांनीं विद्येच्या दारांत जकात भरली त्या मुलांना ती पुन्हां भरावी लागणार नाहीं.