तिवर : वाळवलेला नमुना (कतार)

कतारमध्ये निसर्गतः वाढणारी एकमेव खारफुटी म्हणजे तिवर (ॲव्हिसेनिया मरीना). अल खोरजवळ अल ठाकिरा येथे तिचे झुडपी वन आहे. आपल्या कोकणातही हीच जाती आढळते. दाबून, वाळवून कागदावर चिकटवलेल्या डहाळीतील पिवळी-नारिंगी फुले तपकिरी पडतात आणि चिखलातून वर येणारी श्वसनमुळे कागदावर येतच नाहीत. मग छायाचित्र अधिक उपयोगी नाही का, हा आक्षेप रास्त आहे. पण जाती ठरते ती पानाखालची बारीक लव, मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी आणि फुलांच्या भागांची मापे यांवरून. नमुन्यात हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासता येते. छायाचित्रात कॅमेऱ्याने टिपले तेवढेच उरते.

वनस्पतींची नावेही बदलत राहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर फोर्सकोल १७६३ मध्ये येमेनमध्ये वारले. त्यांच्या १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही वनस्पती ‘स्क्यूरा मरीना’ आहे, आजचे नाव १९०७ चे. वैद्य व तत्त्वज्ञ इब्न सीना (लॅटिनमध्ये ॲव्हिसेना) यांची आठवण जपणारे ‘ॲव्हिसेनिया’ हे नाव अरबी किनाऱ्याला शोभते. नाव बदलले तरी नमुना तोच राहतो, म्हणून जुन्या याद्या त्यावरून पडताळता येतात.

तोडीमुळे वनाची हानी होते, हा दुसरा आक्षेप. एका डहाळीने झुडूप मरत नाही, आणि मोबदला मोठा आहे. कतारच्या किनाऱ्यावर तिवराची लागवडही झाली आहे. तिच्या आधीचा, स्थळ व दिनांकाची चिठ्ठी असलेला नमुना तेथे तिवर मुळात होते याचा भक्कम पुरावा ठरतो. ती चिठ्ठी हरवली तर उरतो केवळ पाला.